ओव्हरटेक नजरेच्या भरवशावर सोडू नका

दोन पदरी महामार्गावर पुढे संथ ट्रक असतो, मागे आपण असतो आणि समोरून येणाऱ्यांची लेन रिकामी दिसते. जावे की थांबावे, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. गाडी चालवताना याहून अवघड निर्णय क्वचितच घ्यावा लागतो. तरीही आपण तो चालकाच्या अंदाजावर, अनुभवावर आणि हिमतीवर सोडून दिला आहे. अपघात झाला की ‘घाई नडली’ म्हणायचे आणि पुढे निघायचे, ही सगळीकडची रीत. मला ही रीत मान्य नाही. वेगाने येणाऱ्या वाहनांसमोर जाऊन ओव्हरटेक करण्यासाठी जी माहिती लागते, ती माणसाच्या डोळ्यांना पुरेशी मिळतच नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आधी रस्त्याने द्यायला हवे, नंतर पुढे चाललेल्या संथ वाहनाने, आणि ओव्हरटेक करणाऱ्या चालकाने सर्वांत शेवटी.

आधी हिशेब पाहू. ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे आणि आपण ८० ने. ट्रकच्या मागे २० मीटर असताना आपण बाहेर पडलो, १६ मीटर लांबीचा ट्रक ओलांडला आणि त्याच्या पुढे २० मीटर अंतर ठेवून परत आपल्या लेनमध्ये आलो. आपल्या गाडीची लांबी चार मीटर धरली, तर ट्रकच्या तुलनेत आपल्याला ६० मीटर जास्त जायचे आहे. दोघांच्या वेगात फरक आहे ताशी २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरचा. याला जवळपास ११ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण २४० मीटर पुढे जातो, आणि समोरचाही ८० नेच येत असेल तर तो २४० मीटर जवळ येतो. म्हणजे बाहेर पडताना ४८० मीटर रस्ता मोकळा असला, तर आपण नेमके धडकेच्या क्षणी परत आत येऊ. दोन सेकंदांची तरी शिल्लक हवी असेल, तर सुमारे साडेपाचशे मीटर लागतात. हा हिशेबही आपण आधीच ८० च्या वेगात आहोत असे धरून केला आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आपण ट्रकच्या मागे ६० नेच रखडत असतो आणि बाहेर पडल्यावर वेग वाढवतो. त्यात आणखी तीनेक सेकंद जातात. समोरचा १०० ने येत असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

आता प्रश्न असा, की साडेपाचशे मीटर मोकळे आहेत हे ओळखायचे कशावरून? समोरून येणारी गाडी साधारण १.८ मीटर रुंद असते. ती ४०० मीटरवर असताना डोळ्यांना किती दिसते, ते पाहा. हात लांब करून त्या अंतरावर पट्टी धरली, तर गाडीची रुंदी तीन मिलिमीटरसुद्धा भरणार नाही. दोन्ही गाड्या ८० ने येत असतील, तर साडेचार सेकंदांनी ती २०० मीटरवर पोहोचते आणि पट्टीवर साडेपाच मिलिमीटर भरते. साडेचार सेकंद गेले आणि डोळ्यांसमोरची आकृती वाढली फक्त पावणेतीन मिलिमीटरने. त्यानंतर मात्र ती झपाट्याने फुगत जाते. शंभर मीटरवर आली, की ‘अरे, हा तर वेगात आहे’ हे कळते. तेव्हा हातात सव्वादोन सेकंद उरलेले असतात. थेट आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा तिच्या आकारातल्या वाढीवरून ओळखतो, आणि ती वाढ लांबवर जवळजवळ शून्य असते. सहाशे मीटरवरची गाडी ६० ने येते आहे की १२० ने, हे त्या ठिपक्यात दिसत नाही. पण आपल्या त्या ११ सेकंदांत पहिली गाडी १८० मीटर पुढे येईल आणि दुसरी ३६० मीटर. जगणे-मरणे या फरकात असते, आणि डोळ्यांना तोच दिसत नाही.

दृष्टी उत्तम असली म्हणून यातून सुटका नाही, आणि वीस वर्षांच्या अनुभवानेही नाही. अनुभवाने वळणे कळतात, गाडीचा दम कळतो, इतरांच्या सवयी कळतात. पण डोळ्यांपर्यंत पोहोचलेलीच नाही, ती माहिती अनुभव आणणार कुठून? रात्री तर आकृतीही नसते. असतात ते दोन दिवे. त्यातला एक बंद असेल, तर समोरून येणारी अवजड गाडी मोटारसायकल वाटू शकते. मोटारसायकलचा एकुलता दिवा किती लांब आहे, हे ओळखायला तर दोन दिव्यांमधल्या अंतराचाही आधार नसतो.

यातला सर्वांत घातक भाग मला वेगळाच वाटतो. चुकीचा ओव्हरटेक बहुतेक वेळा निभावून जातो. समोरचा ब्रेक मारतो, ट्रकवाला वेग कमी करतो, कुणीतरी कडेला सरकते, आणि आपण आपल्या लेनमध्ये परत येतो. आपल्याला वाटते, अंदाज बरोबर ठरला. खरे तर आपला अंदाज चुकलेला असतो आणि दुसऱ्या दोघा-तिघांनी तो सावरलेला असतो. एरवी एखादे काम चुकले की चुकल्याचे कळते, आणि माणूस त्यातून शिकतो. इथे चूक केल्याबद्दल दोन मिनिटे वाचल्याचे बक्षीस मिळते. शंभर वेळा असे बक्षीस मिळालेला माणूस स्वतःला कसबी चालक समजू लागतो आणि एकशेएकाव्या वेळी तेच करतो. ‘मी इतकी वर्षे असाच चालवतो आहे’ या वाक्याने म्हणूनच माझा धीर वाढत नाही, उलट धास्ती वाटते.

आणि ज्यांनी सावरले, त्यांचे काय होते? समोरून दुचाकीवर कुणी येत असेल, तर ओव्हरटेक करणारा बहुधा त्याला वाहन म्हणून मोजतच नाही. दुचाकी कडेने निघून जाईल, हे त्याने मनात गृहीत धरलेले असते. मग तो दुचाकीस्वार डांबर सोडून खडीत उतरतो. मागे बसलेली बाई, पुढे बसवलेले मूल, हँडल वेडेवाकडे होत असताना जीव मुठीत धरून गाडी सावरणे, हे सगळे तो सोसतो. पडला नाही, तर याची कुठेही नोंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात. या आकड्यात मेलेले मोजले जातात. रोज कडेला ढकलले जाणारे मोजले जात नाहीत. त्यांची आठवण न ठेवता ‘सुरक्षित ओव्हरटेक’ची व्याख्या केली, तर ती फक्त मोठ्या गाडीत बसलेल्याची व्याख्या ठरते. समोरच्या कोणालाही ब्रेक दाबावा लागला किंवा रस्ता सोडावा लागला, तर तो ओव्हरटेक सुरक्षित नव्हता, एवढी साधी कसोटी मी लावेन.

वाचलेली दोन मिनिटे मी वर ओघात लिहिली, पण तो आकडा हवेतला नाही. दहा किलोमीटर ट्रकच्या मागे ६० ने गेलो, तर दहा मिनिटे लागतात आणि ८० ने गेलो, तर साडेसात. पुढे सगळा रस्ता रिकामा मिळाला, तर अडीच मिनिटे वाचतात. पुढे दुसरा ट्रक असेल तर तीही नाहीत. तरीही अधीर होणाऱ्याला मी दोषी मानत नाही. सहा तास चालवून आलेला माणूस, वेळापत्रकाला बांधलेला बसचालक, दवाखाना गाठायला निघालेले कुटुंब, यांना ‘धीर धरा’ म्हणणे फार सोपे आहे. अर्धा तास एकाच ट्रकचा धूर खात गेलेला माणूस अधीर होणारच. पाऊस पडणार हे जसे ठाऊक असते, तसेच हेही ठाऊक असते. म्हणून त्याची सोय आधीच करायला हवी. माणसांचे स्वभाव बदलतील या आशेवर रस्ते बांधले जाऊ नयेत.

रस्ते बदलेपर्यंत गाडी चालवायचीच आहे, म्हणून आधी चालकाच्या हातातल्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट अंतराची. ओव्हरटेक करू पाहणारे बहुतेक जण ट्रकच्या मागे अगदी चिकटतात. संधी मिळाली की चटकन निघता येईल, असा त्यामागचा विचार असतो. परिणाम उलटा होतो. समजा, तुमचा डोळा ट्रकच्या मागच्या कोपऱ्यापासून अर्धा मीटर आतल्या बाजूला आहे. ट्रक पाच मीटर पुढे असेल, तर त्या कोपऱ्याला घासून गेलेली नजर तिथून शंभर मीटर पुढे दहा मीटर बाजूला पोहोचते, म्हणजे समोरची लेन सोडून थेट रस्त्याबाहेर. ट्रक २५ मीटर पुढे असेल, तर तीच नजर शंभर मीटरवर दोनच मीटर बाजूला जाते, म्हणजे समोरच्या लेनवर पडते. वर आपल्या लेनमध्येच अर्धा मीटर बाजूला सरकलात, तर ट्रकच्या कडेने सरळ पुढचा रस्ता दिसतो. चिकटलेल्याला हे बघायला अर्धी गाडी समोरच्या लेनमध्ये काढावी लागते. असे डोकावून बघणे हा स्वतंत्र धोकाच आहे. मागे राहिल्याचा आणखी एक फायदा असा, की रस्ता मोकळा दिसल्यावर आपल्याच लेनमध्ये वेग वाढवता येतो आणि बाहेर पडेपर्यंत आपण पूर्ण वेगात असतो. समोरच्या लेनमध्ये घालवायचा वेळ तेवढाच कमी होतो. मागून चिकटणे हे ओव्हरटेकची तयारी वाटते, पण त्याने ओव्हरटेक लांबतो आणि आंधळाही होतो.

दुसरी गोष्ट माघारीची. बाहेर पडल्यावर ट्रकच्या मागच्या चाकांपर्यंत पोहोचेतो ब्रेक दाबून परत मागे येणे बहुधा शक्य असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण माघार घ्यायला जागा लागते. आपण बाहेर पडताच आपल्या मागचा गाडीवाला पुढे सरकून ती मोकळी जागा भरून टाकतो. बरेचदा त्याच्या मनात वाईट काही नसते, समोर मोकळे दिसले म्हणून तो पुढे येतो. पण त्या क्षणी त्याने दुसऱ्याचा परतीचा रस्ता बंद केलेला असतो. पुढचा ओव्हरटेकला निघाला, की तो पूर्ण आत जाईपर्यंत त्याने सोडलेली जागा रिकामी ठेवायची, हे चालकांना वाहन परवान्याच्या वेळीच शिकवायला हवे. याहून वाईट सवय म्हणजे पुढच्याच्या शेपटाला लागून ओव्हरटेक करणे. पहिल्याला रस्ता दिसत असतो; दुसऱ्याला दिसते फक्त पहिल्याची मागची काच. पहिला सुखरूप आत शिरतो आणि दुसरा समोरासमोर उघडा पडतो.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. पुढचा ट्रकचालक इंडिकेटर देऊन ‘जा’ म्हणतो, ही पद्धत जगाच्या अनेक भागांत रूढ आहे. त्यामागे माणुसकी असते, हे मला मान्य आहे. उंच केबिनमधून त्याला रस्ता खरोखरच दिसत असतो. तरीही हा इशारा स्वीकारू नये, असे माझे मत आहे. तोच दिवा ‘मी वळतो आहे’ आणि ‘मीच पुढच्याला ओव्हरटेक करायला बाहेर पडतो आहे’ असेही सांगतो. एका दिव्याला दोन विरुद्ध अर्थ असतील आणि त्यातला खरा कोणता हे ताशी ८० च्या वेगात ओळखायचे असेल, तर कधीतरी कुणीतरी चुकीचा अर्थ लावणारच. शिवाय ट्रकचालकाला समोरची गाडी दिसते. पण तुमच्या गाडीचा दम त्याला माहीत नसतो आणि समोरच्याचा वेग त्यालाही मोजता येत नाही. डोळे त्याचेही माणसाचेच.

चालकाच्या हातातल्या गोष्टी इथे संपल्या. आता ज्याच्याविषयी जवळजवळ कधीच बोलले जात नाही, त्याच्याकडे वळू. ज्याला ओव्हरटेक केले जाते, त्याचीही जबाबदारी असते. रस्ते-वाहतुकीबद्दलचा १९६८ चा व्हिएन्ना करार अनेक देशांनी स्वीकारला आहे. त्यात ओव्हरटेक करणाऱ्यावर बंधने आहेतच. पण आपल्याला कुणी ओव्हरटेक करते आहे हे दिसल्यावर कडेला राहायचे आणि वेग वाढवायचा नाही, हेही त्यात सांगितले आहे. रस्ता अरुंद असेल आणि समोरून वाहतूक येत असेल, तर संथ वाहनाने वेग कमी करून, गरज पडल्यास बाजूला होऊन, मागच्यांना साइड द्यावी, असेही त्यात आहे. जर्मनीच्या नियमांत संथ वाहनाच्या मागे अनेक गाड्या अडकल्या असतील आणि दुसऱ्या कशाने त्यांना पुढे जाता येत नसेल, तर योग्य जागी वेग कमी करणे, वेळ पडल्यास थांबणे बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात तर आकडाच ठरवला आहे: दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक असुरक्षित असताना संथ वाहनामागे पाच किंवा अधिक गाड्यांची रांग लागली, की त्याने पुढच्या सोयीच्या जागी बाजूला व्हायचे.

हा पाचाचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. बाजूला होणाऱ्याचे अर्धे मिनिट जाते आणि मागचे पाच-सात जण समोरच्या लेनमध्ये जाण्याचा धोका टाळतात. पण कायद्यात असूनही ही कल्पना लोकांच्या मनात उतरलेली नाही. मागच्याला जाऊ देणे म्हणजे हार, असे काहींना वाटते. मागच्याने बाहेर पडताच वेग वाढवणारे महाभाग प्रत्येक महामार्गावर भेटतात. मी त्यांना बेदरकार ओव्हरटेक करणाऱ्याइतकेच दोषी मानतो. समोरच्या लेनमध्ये अडकलेल्या माणसाची सुटका आपल्या पायाखालच्या पॅडलवर अवलंबून असताना ते पॅडल दाबणे, हा शर्यतीचा खेळ नाही, त्यात माणूस मरू शकतो. हेच समोरून येणाऱ्यालाही लागू आहे. लेन त्याची आहे, चूक दुसऱ्याची आहे, हे सगळे खरे. पण हेडलाइट मारत तोच वेग कायम ठेवण्यापेक्षा ब्रेकवर पाय ठेवणे उपयोगाचे. हक्क शाबूत ठेवून मेलेल्याला त्या हक्काचा उपयोग नसतो.

ओव्हरटेक चटकन उरकावा म्हणून वेगमर्यादा ओलांडायला मुभा असावी, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. वरवर तो पटतोही, कारण समोरच्या लेनमधला वेळ कमी होतो. स्पेनमध्ये अशी मुभा अनेक वर्षे होती: साध्या दोन दिशांच्या रस्त्यांवर ओव्हरटेक करताना मोटारी आणि मोटारसायकलींना मर्यादेपेक्षा ताशी २० किलोमीटर जास्त वेगाने जाता येत असे. मार्च २०२२ पासून ती रद्द झाली. मला हा निर्णय योग्य वाटतो. कारण वाढीव वेगाने वाचलेली दोन-तीन सेकंदे चालक स्वतःच्या सुरक्षिततेसाठी शिलकीत ठेवत नाही. तो ती अधिक तोकडी जागा ‘पुरेशी’ समजण्यात खर्च करतो. जोरदार गाडी हाताशी आली, की माणूस तेवढीच अरुंद फट शोधू लागतो. चुकल्यावर बसणारी धडक मात्र वाढीव वेगाने बसते. जास्तीचा वेग लागत असेल, तर त्याचा सरळ अर्थ असा, की तिथे ओव्हरटेक करण्याइतका फरक दोन्ही वाहनांच्या वेगात नाही.

वेगातल्या फरकाचा हा मुद्दा चार पदरी आणि सहा पदरी रस्त्यांवरही येतो. तिथे समोरासमोर धडक होत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एक ट्रक ९० ने आणि दुसरा ८८ ने चालला असेल, दोन्ही साडेसोळा मीटर लांब असतील आणि मागे-पुढे पंचवीस-पंचवीस मीटर अंतर ठेवले असेल, तर ओव्हरटेकला अडीच मिनिटे लागतात आणि पावणेचार किलोमीटर दोन्ही लेन बंद राहतात. जर्मनीतल्या हाम इथल्या उच्च न्यायालयाने २००८ मध्ये यावर एक व्यवहार्य माप दिले: ओव्हरटेक साधारण ४५ सेकंदांत पुरा व्हावा, म्हणजे वेगात ताशी दहाएक किलोमीटरचा फरक असावा. छोट्या गाडीवाल्यांसाठीही यात धडा आहे. ट्रकच्या बाजूला रेंगाळणे, त्याच्या आरशात न दिसणाऱ्या जागी कितीतरी वेळ समांतर चालत राहणे आणि ओलांडताच त्याच्या नाकासमोर घुसणे, या तिन्ही गोष्टी टाळता येतात. पूर्ण ट्रक आपल्या आतल्या आरशात दिसेपर्यंत त्याच्या लेनमध्ये शिरायचे नाही, एवढे पाळले तरी पुष्कळ.

सायकलस्वाराला ओव्हरटेक करतानाही समोरच्या लेनचाच प्रश्न येतो, हे आपण विसरतो. जर्मनीने २०२० मध्ये नियमात अंतर लिहून टाकले: सायकलला ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर. दोन मीटर सोडायचे, तर जवळपास पूर्ण गाडी दुसऱ्या लेनमध्ये न्यावी लागते. म्हणजे समोरून कुणी येत असताना सायकलस्वाराला ‘दाबून’ जाणे बेकायदा ठरते. सायकल लहान आहे म्हणून तिला ओव्हरटेक करणे सोपे, ही समजूत या एका आकड्याने खोटी ठरते.

आता मूळ मुद्दा, रस्ता. समोरासमोर येणाऱ्यांना वेगळे ठेवण्यासाठी रस्त्याच्या मधोमध रेघ ओढावी, ही कल्पना मोटारींच्या मानाने उशिराच सुचली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वेन काउंटीत एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्ये ती अमलात आणली आणि कॅलिफोर्नियात जून मॅकॅरॉल या डॉक्टर बाईंनी १९१७ च्या सुमारास तशीच रेघ ओढून तिचा आग्रह धरला. शंभर वर्षांहून अधिक काळ दोन पदरी महामार्गावर समोरच्याला आणि आपल्याला वेगळे करणारी एवढी एकच गोष्ट आहे: रंगाची एक रेघ. मधल्या काळात एक प्रयोग झाला. ब्रिटन आणि अमेरिकेत तीन पदरी रस्ते बांधले गेले आणि मधली लेन दोन्ही दिशांना ओव्हरटेकसाठी खुली ठेवली. दोन्हीकडचे चालक एकाच लेनमध्ये एकाच वेळी शिरत. त्या लेनला आत्महत्येची लेन असे नाव पडले. जागा वाढवली, पण ती कोणाची हे चालकांच्या नजरानजरेवर सोडले, म्हणून तो प्रयोग फसला.

तेच तीन पदर घेऊन स्वीडनने वेगळे काही केले. त्या देशाच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले: रस्त्यावर कुणाचाही मृत्यू किंवा गंभीर दुखापत स्वीकारार्ह नाही आणि रस्ता घडवणारेही त्याला जबाबदार आहेत. या विचारातून एक मोजमाप पुढे आले, की समोरासमोर धडक होऊ शकेल अशा रस्त्यावर मोटारींचा वेग ताशी ७० च्या पुढे नसावा. त्याहून जास्त हवा असेल, तर मध्ये अडथळा हवा. स्वीडनमध्ये १३ मीटर रुंदीचे, प्रशस्त कडा असलेले अनेक दोन पदरी रस्ते होते. रुंद असल्यामुळेच तिथे बेधडक ओव्हरटेक चाले आणि माणसे मरत. १९९८ मध्ये येव्ले शहराजवळ ई-४ मार्गाच्या एका भागावर त्यांनी त्याच रुंदीत तीन लेन आखल्या आणि मध्ये पोलादी तारांचा दुभाजक घातला. एका दिशेला दोन लेन, दुसऱ्या दिशेला एक, आणि दर एक ते अडीच किलोमीटरला उलटापालट. म्हणजे आता तुमची पाळी नसेल, तर थोड्याच वेळात येते. समोरच्या लेनमध्ये जायचा प्रश्नच उरत नाही.

सुरुवातीला या कल्पनेला विरोध झाला. रस्ता अरुंद वाटेल, एकाच लेनमध्ये गाडी बंद पडली तर काय, तारांमुळे मोटारसायकलवाल्यांचे काय, असे प्रश्न विचारले गेले. त्यातला शेवटचा प्रश्न आजही गंभीरपणे घ्यायला हवा. पण तारांचा दुभाजक घातलेल्या अशा रस्त्यांवर मृत्यू सुमारे ७५ ते ८० टक्क्यांनी कमी झाले. चालक तेच होते, गाड्या त्याच होत्या, त्यांची घाईही तीच होती. कुणालाही अधिक सज्जन बनवावे लागले नाही. हवा तेव्हा ओव्हरटेक करण्याचे स्वातंत्र्य गेले आणि ठरावीक जागी निर्धास्त ओव्हरटेक करण्याची हमी आली. हा सौदा मी आनंदाने करेन.

खर्चाचा आक्षेप इथे येणारच. प्रत्येक महामार्ग चार पदरी करायचा म्हटले, तर जमीन, पैसा आणि वर्षे, तिन्ही पुरणार नाहीत. पण स्वीडनचे उदाहरण नेमके याच आक्षेपाला उत्तर देते. त्यांनी नवी जमीन फारशी न घेता असलेल्या रुंदीची फेरमांडणी केली. जिथे तेवढी रुंदी नाही, तिथे चढांवर संथ वाहनांसाठी जादा लेन, ठरावीक अंतरावर ओव्हरटेकसाठी रुंद केलेले पट्टे, आणि रांग लागली की बाजूला होण्यासाठी थांबे, हे टप्प्याटप्प्याने करता येते. यातली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे पाटी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘ओव्हरटेकची लेन दोन किलोमीटरवर’ अशा आशयाच्या पाट्या आधीच लावलेल्या असतात. दोन किलोमीटर म्हणजे संथ ट्रकमागे फक्त दोन मिनिटे. हे ठाऊक असलेला माणूस थांबतो. पुढचा सगळा रस्ता असाच आहे असे वाटणारा माणूस फट दिसताच बाहेर पडतो.

तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवील, असेही म्हटले जाते. सॅमसंगने २०१५ मध्ये अर्जेंटिनात एका ट्रकच्या मागच्या दारांवर पडदे बसवून पुढच्या कॅमेऱ्याचे दृश्य दाखवले होते. मागच्याला ट्रकच्या आरपार रस्ता दिसावा, ही कल्पना सुंदर आहे. पण पडद्यावरही समोरची गाडी ठिपक्याएवढीच दिसणार आणि तिचा वेग कळणार नाही, हे आपण वर पाहिले. रडार लावलेल्या, एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्या वेग मोजतीलही. मात्र रस्त्यावर जुन्या गाड्या, दुचाक्या आणि सायकली अजून कितीतरी वर्षे असणार आहेत, आणि तारेचा दुभाजक त्या सगळ्यांना आजच वाचवू शकतो.

म्हणून एक मागणी करतो. समोरासमोरच्या प्रत्येक प्राणघातक धडकेनंतर चौकशी होते, आणि तिचा निष्कर्ष बहुतेकदा एका ओळीत संपतो: चालकाने निष्काळजीपणे ओव्हरटेक केला. त्या कागदावर आणखी तीन रकाने असावेत. हा चालक संथ वाहनामागे किती किलोमीटर आणि किती मिनिटे अडकला होता? सुरक्षित ओव्हरटेकची मागची जागा तिथून किती लांब होती, आणि पुढची किती? पुढची जागा येते आहे, हे त्याला कोणत्या पाटीने सांगितले होते? या रकान्यांनी चालकाचा दोष पुसला जाणार नाही, आणि तो पुसला जावा असे माझे म्हणणेही नाही. पण हे तीन रकाने वर्षभर प्रामाणिकपणे भरले, तर मधला दुभाजक आधी कुठे घालायचा, ओव्हरटेकची लेन कुठे काढायची आणि पाटी कुठे रोवायची, याची यादी आपोआप तयार होईल. आणि ती यादी हातात आल्यावरही काम सुरू झाले नाही, तर जाब कोणाला विचारायचा, हेही ठरलेले असेल.